लेह-चांगथांगच्या उंचीवर मल्टिमीटर आणि स्कोप: उन्हाळा ते हिवाळा वापरल्यानंतर

लेहमध्ये (३,५०० मीटर) आणि तिथून वर चांगथांग या लडाखच्या उंच पठारावरच्या गावांत सोलर इन्व्हर्टर व बॅटरी बँकेची कामं करताना दोन उपकरणं उन्हाळ्यापासून ऐन थंडीपर्यंत वापरली: हातातला डिजिटल मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट मोजणारा) आणि टेबलावरचा चार चॅनलचा ऑसिलोस्कोप (व्होल्टेज कसा बदलतो त्याचा आलेख दाखवणारा, पुढे नुसता स्कोप). कंपन्यांची नावं देत नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं कुठल्याही ब्रँडला लागू आहे.

मल्टिमीटरच्या रीडिंगबद्दल तक्रार नाही. खरा मुद्दा माहितीपत्रकाच्या शेवटी असलेली एक ओळ: ऑपरेटिंग अल्टिट्यूड २,००० मीटर. पुण्या-मुंबईत ती वाचायची गरज पडत नाही. इथे तीच आधी वाचायची. मीटरवर छापलेलं कॅट थ्री १,००० व्होल्ट हे सुरक्षिततेचं रेटिंग (कुठल्या प्रकारच्या वायरिंगवर, किती व्होल्टपर्यंत मीटर सुरक्षित आहे ते) त्या उंचीपर्यंतचंच. हवा विरळ झाली की दोन उघड्या वाहकांमधल्या हवेच्या फटीतून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते. आयईसी ६०६६४-१ या आंतरराष्ट्रीय विद्युत मानकात २,००० मीटरला फटीचा गुणक (फट किती पट मोठी हवी तो आकडा) १ धरला, तर ४,००० ला तो १.२९ आणि ५,००० ला १.४८ होतो. म्हणजे चांगथांगमधल्या, ४,००० मीटरच्याही वर असलेल्या हानले गावात तीच सुरक्षितता हवी असेल तर मीटरच्या आतली फट सुमारे एक तृतीयांशाने मोठी हवी, आणि ती तर कारखान्यातच ठरलेली असते.

१२, २४, ४८ व्होल्टच्या बॅटरीवर ही चिंता नाही. हवेचा दाब आणि फटीवरून ठिणगीचं व्होल्टेज सांगणाऱ्या पाशेनच्या नियमानुसार साधारण ३२७ व्होल्टच्या खाली हवेच्या फटीतून अशी ठिणगी उडत नाही. (चालू सर्किट तोडताना होणारा डीसी आर्क वेगळा, तो ४८ व्होल्टलाही होतो.) पण ६००-८०० व्होल्टच्या पॅनेल स्ट्रिंगवर (एकापुढे एक जोडलेल्या सोलर पॅनेलच्या माळेवर) मी थेट प्रोब लावत नाही. आयसोलेटर (पॅनेलची लाइन तोडणारा स्विच) उघडायचा, स्ट्रिंग तोडायची, तुकड्यातुकड्याने मोजायचं. वेळ जातो, जाऊ दे. या उंचीसाठीचं डीरेटिंग (रेटिंग किती कमी धरायचं ते) उत्पादकाकडून लेखी मागून घ्या.

स्कोपचं दुखणं उष्णतेचं. बाहेर गारठा असतो, तरी पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तो चांगलाच तापतो. लेहला हवेची घनता समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे पंखा तेवढाच फिरला तरी उष्णता कमी नेतो. चिलीत ५,००० मीटरवरच्या आल्मा रेडिओ वेधशाळेत कोरिलेटर (अँटेनांचे सिग्नल एकत्र करणारा संगणक) थंड ठेवायला नेहमीच्या दुप्पट हवा खेळवावी लागते, यावरून कल्पना यावी. मी चारही बाजू मोकळ्या ठेवतो आणि काम झालं की लगेच बंद करतो. अर्धा तास तापू देऊन जागेवरच सेल्फ-कॅलिब्रेशन (स्कोपने स्वतःच स्वतःला जुळवून घेणं) केलं की ऑफसेट, म्हणजे शून्यरेषेचं सरकणं, ताळ्यावर येतो. नाहीतर सकाळची आणि दुपारची शून्यरेषा जुळत नाही.

फिरती हार्ड डिस्क असलेला लॉगर (रीडिंग नोंदवून ठेवणारं यंत्र) मात्र वर आणूच नये. डिस्कचं हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं, आणि बहुतेक डिस्कना ३,००० मीटरपर्यंतचीच हमी असते. फिरते भाग नसलेली एसएसडी घ्या.

थंडीत मीटरचा डिस्प्ले मंदावतो, अल्कलाइन सेल झोपतात. लिथियम सेल टिकले. लिथियम-आयन पॅक शून्याखाली चार्ज करायचा नाही, आधी खोलीत येऊ द्यायचा, तोही बंद पिशवीतच, म्हणजे बुखारीवर (खोली गरम करणाऱ्या शेगडीवर) उकळणाऱ्या पाण्याची वाफ त्यावर धरत नाही. अंगावर साठलेली स्थिर वीज जमिनीत सोडणारा मनगटाचा स्टॅटिक पट्टा इथल्या कोरड्या हवेत हवाच. फक्त तो जोडण्याआधी अर्थिंग तपासा, कारण कोरड्या, गोठलेल्या जमिनीत रोवलेल्या सळईचा रोध फार जास्त येतो.