‘हमखास स्ट्रीम’ देणाऱ्याने माझं गाणंच घालवलं

पदरमोड करून गाणी रेकॉर्ड करणाऱ्या आणि स्वतःच ती लोकांपर्यंत पोचवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. प्रमोशनच्या नावाखाली माझी फसवणूक झाली. पैसे गेले ते गेलेच, पण पाठोपाठ माझं गाणं प्लॅटफॉर्मवरून काढून टाकलं गेलं आणि बनावट स्ट्रीम, म्हणजे गाणं ऑनलाइन वाजल्याच्या खोट्या नोंदी, मिळवल्याचा ठपका माझ्याच नावावर बसला. हा धंदा चालतो कसा, हे मी नंतर खोलात जाऊन समजून घेतलं. जे कळलं ते सगळं सांगते, कारण ही माणसं रोज नव्या कलाकारांना गाठत आहेत.

हे गाणं आम्ही रेकॉर्ड करण्याआधी बराच काळ कार्यक्रमांत गात होतो. दुसऱ्या कडव्यात लोकांची चुळबुळ सुरू व्हायची, म्हणून ते कडवं निम्म्याने कमी केलं. शेवटी सगळे बरोबर गायला लागायचे, म्हणून शेवट वाढवला. ऐकणाऱ्यांनीच ते गाणं घडवलं होतं. मग स्टुडिओ, मिक्सिंग, मास्टरिंग, कव्हरचं चित्र, आणि डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे गाणी प्लॅटफॉर्मवर पोचवणाऱ्या कंपनीकडे, अपलोड. रेकॉर्डिंगला आयएसआरसी मिळाला. हा 12 अक्षर-अंकांचा कोड म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख; जगात कुठेही ते वाजलं तरी हिशोब त्यावरून लागतो. पुढे याच कोडने मला अडवलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

रिलीजनंतर लगेचच मेसेज आला. भाषा अदबीची, खाली प्लेलिस्टच्या लिंकची रांग. ‘तुमचं गाणं आमच्या टीमला फार भावलं. सुरुवातीची व्हायोलिनची धून अंगावर काटा आणते. असं गाणं हजाराच्या आत अडकून राहावं, हे बघवत नाही.’

आमच्या गाण्याच्या सुरुवातीला व्हायोलिन नाही. ते शेवटच्या कडव्याखाली येतं, तेही एकच सूर धरून, इतकं हळू की हेडफोन लावल्याशिवाय कळणारही नाही. वादकांच्या यादीत मात्र व्हायोलिनवादकाचं नाव पहिलं आहे. म्हणजे या माणसाने यादी वाचली होती, गाणं लावलंसुद्धा नव्हतं. असा मेसेज आला की त्यातलं कौतुक आपल्या गाण्याशी ताडून पाहा. ज्याने खरंच ऐकलंय तो एखादी ओळ सांगतो, एखाद्या जागेबद्दल विचारतो, कधी काय आवडलं नाही तेही सांगतो.

‘हजाराच्या आत’ हे शब्दही त्याने सहज लिहिले नव्हते. स्पॉटिफायच्या 2024 पासूनच्या नियमानुसार एखाद्या गाण्याला मागच्या 12 महिन्यांत किमान 1,000 स्ट्रीम मिळाले नसतील, तर त्या रेकॉर्डिंगची रॉयल्टी निघत नाही. नाव झालेल्या कलाकारांना या नियमाने काही फरक पडत नाही. नुकतीच सुरुवात करणाऱ्याच्या मनात मात्र तो सतत टोचत राहतो. या लोकांनी नेमकी ही दुखरी नस पकडली आहे. त्याच्या पुढच्या प्रत्येक मेसेजमध्ये हा आकडा होता. ‘एकदा हजार ओलांडले की अल्गोरिदम तुम्हाला आपोआप उचलेल.’

त्याचा प्रस्ताव असा होता: महिनाभर प्लेलिस्टमध्ये जागा, दहा हजार स्ट्रीम हमखास, सगळे ‘ऑर्गॅनिक’, सगळे खरे श्रोते. फी साधारण स्टुडिओच्या एका दिवसाच्या भाड्याएवढी, म्हणजे परवडेल अशी आणि नाही म्हणायला जड जाईल अशी. त्याने माझ्या आर्टिस्ट अकाउंटचा टीम अ‍ॅक्सेसही मागितला, ‘रिपोर्ट बनवायला’. तो मी दिला नाही, म्हणून निदान माझं प्रोफाइल माझ्या हातात राहिलं. पैसे पाठवताना ‘ओळखीच्या व्यक्तीला’ हा पर्याय निवडा, कमिशन वाचेल, असंही त्याने सुचवलं. पेपालसारख्या सेवांमध्ये हा पर्याय घरच्यांना आणि मित्रांना पैसे देण्यासाठी असतो. त्याला खरेदीचं संरक्षण लागू होत नाही. पैसे परत मागण्याची वाट त्याने पैसे घेतानाच बंद करून ठेवली होती.

नंतर आकडे झपाट्याने वर गेले. पण आकड्यांच्या आत काय आहे ते बघायला लागले तेव्हा पोटात गोळा आला. जवळजवळ सगळे श्रोते एकाच शहरातले होते, जिथे आम्ही कधी गेलो नव्हतो आणि जिथे आमची भाषा कळणारे शोधूनही सापडणार नाहीत. सगळे एकाच प्लेलिस्टमधून आलेले. गाणं सेव्ह करणाऱ्यांची संख्या जागची हललेली नाही. फॉलोअर तेवढेच. आमची बाकीची गाणी कोणी उघडूनही पाहिली नव्हती.

रेकॉर्डिंग करणाऱ्या आमच्या दादांना मी तो आलेख दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “अगं, पन्नास माणसांच्या कार्यक्रमातसुद्धा दोघं-तिघं येऊन विचारतात, हे गाणं कुठे मिळेल म्हणून. इथे हजारोंनी ऐकलं आणि एकालाही ते ठेवून घ्यावंसं वाटलं नाही? ही माणसं नाहीत. आधी ते बंद करायला सांग.”

मी त्याच दिवशी गाणं प्लेलिस्टमधून काढायला सांगितलं. आधी उत्तर आलं, ‘अल्गोरिदम तापतोय, आता थांबवू नका.’ मी ठाम राहिले तर म्हणे, काढण्याची फी वेगळी. मग उत्तरं बंद झाली. आणि त्यानंतर डिस्ट्रिब्युटरचा ईमेल आला: या गाण्यावर कृत्रिम स्ट्रीमिंग आढळलं आहे, गाणं काढण्यात आलं आहे, त्याची रॉयल्टी रोखली आहे. दंडाची रक्कमही खाली दिली होती.

दंडामागचं कारण अनेकांना ठाऊक नसतं. एखाद्या गाण्याचे बहुतांश स्ट्रीम उघडउघड बनावट निघाले, तर स्पॉटिफाय 2024 पासून त्या गाण्यामागे लेबलला किंवा डिस्ट्रिब्युटरला दंड लावतं. काही डिस्ट्रिब्युटर तो पुढे कलाकाराकडून वसूल करतात. वारंवार घडलं तर आपलं अख्खं अकाउंट बंद होऊ शकतं, म्हणजे आजवरची सगळी गाणी एका झटक्यात गायब. बॉट, म्हणजे माणसांऐवजी गाणी वाजवणारी यंत्रं, चालवणारा मात्र या साखळीत कुठेच सापडत नाही. त्याचं नाव कोणत्याही करारावर नसतं.

मला सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. त्या गाण्याला आधीपासून खरे श्रोते होते. थोडे होते, पण कार्यक्रमानंतर थांबून, फोन काढून, तिथल्या तिथे गाणं सेव्ह केलेले होते. गाणं उतरलं तसं त्यांच्या यादीतूनही गेलं. आम्ही कार्यक्रमात वाटायला छोटी कार्डं छापली होती, त्यावर क्यूआर कोड होता. पुढच्या कार्यक्रमात एका मुलीने माझ्यासमोर तो स्कॅन केला आणि फोन माझ्याकडे वळवून म्हणाली, “ताई, इथे तर काहीच नाही.” तिला काय सांगायचं, मला सुचेना. तेच रेकॉर्डिंग त्याच आयएसआरसीवर पुन्हा चढवायला डिस्ट्रिब्युटरने नकार दिला.

एवढ्यावरही थांबलं नाही. गाणं उतरल्यावर एका ‘कॉपीराइट सल्लागाराचा’ मेसेज आला. गाणं परत आणून देतो, अपील आम्ही लिहितो, निम्मे पैसे आधी. गाणं काढलं गेल्याचं मी कुठेही जाहीर केलं नव्हतं. शिवाय मेसेजच्या वाक्यावाक्यांत पहिल्या माणसाची लकब होती, ‘आमच्या टीमला’ इथपासून. बुडालेल्याला पुन्हा लुबाडण्याचा हा दुसरा टप्पा ठरलेला असतो. गाणं उतरलं की असा कोणी ना कोणी उगवतो. त्याला उत्तरसुद्धा देऊ नका. अपील करायचं तर ते डिस्ट्रिब्युटरकडे आपलं आपणच करता येतं.

यात तोटा फक्त फसलेल्याचा होत नाही. बहुतेक प्लॅटफॉर्मवर एका स्ट्रीमला ठरलेला भाव नसतो. जमा झालेल्या पैशांतला हक्कधारकांचा हिस्सा एकत्र करून तो एकूण स्ट्रीमच्या प्रमाणात वाटला जातो. म्हणून यंत्राने वाजवलेलं प्रत्येक गाणं खऱ्या श्रोत्यांनी ऐकलेल्या गाण्यांच्या वाट्यातून पैसे खेचतं. फ्रान्सच्या राष्ट्रीय संगीत केंद्राने जानेवारी 2023 मध्ये अहवाल दिला. त्यानुसार 2021 मध्ये तिथल्या स्ट्रीमपैकी 1 ते 3 टक्के बनावट असल्याचं आढळलं होतं, आणि हे फक्त पकडले गेलेले. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेत एका माणसावर आरोपपत्र दाखल झालं. एआयने बनवलेली लाखो गाणी, ती वाजवायला हजारो बनावट खाती आणि 1 कोटी डॉलरहून जास्त रॉयल्टी, असे आरोप होते. एकाच गाण्यावर सगळे स्ट्रीम आले तर लगेच संशय येतो, म्हणून ते हजारो गाण्यांवर विखुरले, असंही त्यात म्हटलं होतं.

विखुरण्याची हीच युक्ती आपल्यापर्यंत पोचते. बॉट चालवणारे आपल्या प्लेलिस्टमध्ये खऱ्या कलाकारांची गाणी मिसळतात, म्हणजे यादी खरी दिसते. त्यामुळे एक पैसाही न देता तुमचं गाणं अशा प्लेलिस्टमध्ये जाऊन पडू शकतं. माझं गाणं ज्या प्लेलिस्टमध्ये होतं, तिच्यातल्या इतर कलाकारांना मी मेसेज पाठवले. ज्यांनी उत्तरं दिली त्यांतल्या काहींनी माझ्यासारखेच पैसे दिले होते. एका गिटारवादकाला मात्र आपण त्या यादीत आहोत याचा पत्ताच नव्हता. तो आपल्या वाढत्या आकड्यांवर खूश होता. ती बातमी त्याला सांगणं माझ्या वाट्याला आलं.

प्लेलिस्ट खरी की खोटी, हे थोडा वेळ दिला तर बऱ्यापैकी कळतं. तिच्यातल्या चार-पाच अनोळखी कलाकारांची प्रोफाइल उघडा. स्पॉटिफायवर कलाकाराला सर्वाधिक ऐकणारी शहरं दिसतात. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या भाषांत गाणाऱ्या कलाकारांची तीच ती शहरं दिसली तर तिथे माणसं ऐकत नाहीत. महिन्याचे श्रोते हजारोंनी आणि फॉलोअर हाताच्या बोटांवर, हीसुद्धा खूण. प्लेलिस्टचे फॉलोअर काळानुसार कसे वाढले, हे चार्टमेट्रिकसारख्या साइटवर बघता येतं. एका दिवसात कडा चढावा तशी रेघ असेल तर ते विकत घेतलेले असतात. आणि यादीतली गाणी एका माणसाने प्रेमाने निवडलेली वाटतात का, हेही बघा. अंगाईनंतर मेटल, त्यानंतर ध्यानाचं संगीत, अशी यादी कोणी मन लावून केलेली नसते.

या सगळ्याच्या वरची खूण म्हणजे ‘हमखास’. लोक किती वेळा ऐकतील याची हमी कोणालाच देता येत नाही. ज्याच्याकडे यंत्र आहे तोच ती देतो. पैसे घेऊन ठरावीक स्ट्रीमची हमी देणाऱ्या सेवा आपल्या नियमांविरुद्ध आहेत, असं स्पॉटिफायने स्पष्ट लिहिलं आहे. त्यांच्या संपादकांच्या प्लेलिस्टमधली जागाही विकत मिळत नाही. त्यासाठी ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’मधून गाणं रिलीजच्या किमान 7 दिवस आधी पाठवायचं असतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. निवड झाली नाही तरी आपल्या फॉलोअरच्या ‘रिलीज रडार’मध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या त्यांच्या प्लेलिस्टमध्ये, ते गाणं पोचतं. सबमिटहबसारख्या साइटवर क्युरेटरला, म्हणजे प्लेलिस्ट बनवणाऱ्याला, गाणं पाठवायचे पैसे देता येतात, पण ते ऐकून उत्तर देण्याचे असतात, गाणं घेतलंच पाहिजे याचे नसतात. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण फसवणारे नेमका तोच पुसून टाकतात.

तुमच्या आकड्यांत असं काही दिसलं, तर गाणं उतरण्याची वाट पाहू नका. प्लेलिस्टचं नाव आणि लिंक, शहरांचा तक्ता, दिवसागणिक स्ट्रीमचा आलेख, या सगळ्याचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. त्याच दिवशी डिस्ट्रिब्युटरला लेखी कळवा की हे स्ट्रीम तुम्ही मागवलेले नाहीत, किंवा प्रमोशन म्हणून तुमची फसवणूक झाली आहे. प्लॅटफॉर्मकडे त्या प्लेलिस्टची तक्रार वेगळी करा. ज्याला पैसे दिले त्याच्याशी झालेलं संभाषण पुसू नका. तो स्वतःचे मेसेज डिलीट करतो, म्हणून आधी सगळं उतरवून ठेवा. अकाउंटवर कोणाला टीम अ‍ॅक्सेस दिला असेल तर काढून टाका. मूळ रेकॉर्डिंगच्या फाइल, आयएसआरसी, वादकांशी झालेले करार हे सगळं डिस्ट्रिब्युटरच्या भरवशावर न सोडता आपल्याजवळ ठेवा. मी ते ठेवलं होतं, म्हणून गाणं नव्याने मिक्स करून नव्या कोडवर पुन्हा रिलीज करता आलं. कार्डंही नवी छापली आहेत. जुनं कार्ड ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते टाकून द्यावं, त्यावरची लिंक आता चालत नाही.