येटीच्या हॅल्डेक्समधली हवा काढली, त्याला आठ महिने झाले

मुळशीच्या पलीकडे आमचं शेत आहे. डांबर संपलं की शेवटचा पाऊण किलोमीटर कच्चा, आणि भातखाचरांच्या बांधाला लागून एक चढ. जूनच्या अखेरीस तिथली माती लोण्यासारखी होते. २०१२ ची दोन लिटर डिझेल फोर बाय फोर स्कोडा येटी मी घेतली ती याच चढासाठी, आणि सहा पावसाळे तिने तो निमूट चढला. गेल्या जूनमध्ये मात्र पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. दीड-दोन फेरे नुसती भिरभिरायची, मग मागून धक्का बसायचा आणि गाडी एकदम पुढे यायची. पूर्वी असं काही जाणवायचंच नाही. पुढचं चाक सरकायला लागतंय तोवर मागची चाकं ढकलायला लागलेली असायची.

एप्रिलमध्ये, १ लाख १८ हजार किलोमीटरला, एका गॅरेजमध्ये हॅल्डेक्सचं, म्हणजे मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या कपलिंगचं, तेल बदलून घेतलं होतं. स्कॅनर लावला तर एकही फॉल्ट नाही. एकाने कंट्रोलर गेला म्हणून सांगितलं, दुसऱ्याने क्लचप्लेटा. दोघांचे खर्चाचे आकडे ऐकून रात्री झोप आली नाही. शेवटी निघाली ती नुसती हवा. याच दुखण्यापायी चांगले सुटे भाग बदलून बसणारे बरेच असणार असं वाटतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

येटीचं इंजिन आडवं, ताकद मुळात पुढच्या चाकांना. तिथून शाफ्ट मागे जातो आणि मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या, तोंडाशी हॅल्डेक्सचा कपलिंग बसवलेला असतो. हे मूळचं स्वीडिश काम, २०११ पासून बोर्गवॉर्नरकडे. माझ्या गाडीत चौथी पिढी आहे. आत तेलात बुडालेल्या क्लचप्लेटा, एक छोटा इलेक्ट्रिक पंप, दाब साठवून ठेवणारा अॅक्युम्युलेटर आणि कंट्रोलरच्या हुकमाने उघडणारा व्हॉल्व्ह. पंप ३० बारपर्यंत दाब तयार करतो, व्हॉल्व्ह तो पिस्टनवर सोडतो, पिस्टन प्लेटा दाबतो आणि मागची चाकं ओढायला लागतात. तेल दाबलं तरी आकसत नाही, म्हणून हे सगळं क्षणात होतं. हवा मात्र आकसते. वाटेत बुडबुडे असले की आधी ते दाबले जातात आणि मग कुठे प्लेटांना जोर मिळतो. माझी चाकं दीड-दोन फेरे फिरत होती ती एवढ्याचसाठी.

विहिरीवर मोनोब्लॉक पंप असणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. मोटरने हवा धरली की ती घरघरत राहते आणि पाणी उचलत नाही. शेतातल्या त्या मोटरवरूनच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. येटी सुरू केल्यावर मागच्या सीटखालून अशीच घरघर यायची आणि थांबायचं नावच घ्यायची नाही.

मग वारज्यातल्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी आधीचं काम कसं झालं होतं ते विचारलं. गाडीचा फक्त मागचा भाग जॅकवर उचलला होता, भोकातून तेल वाहायला लागल्याबरोबर प्लग लावला होता, आणि मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं होतं, ‘ताई, वाहिलं ना तेल, म्हणजे लेव्हल झाली.’ मिस्त्री म्हणाले, ‘तिथेच चुकलंय. गाडी तिरकी, त्यात पंप फिरवलाच नाही. ती लेव्हल खोटी.’

ब्रेकला हवा काढायचं निपल असतं, इथे तसं काही नाही. पंपानेच तेल फिरवून हवा वर आणायची आणि जागा रिकामी झाली की तेल भरत जायचं. गाडी चारखांबी लिफ्टवर चढवली, म्हणजे चारही चाकं पाट्यावर आणि गाडी सपाट. आधी भरायचा प्लग ढिला केला, मगच खालचा उघडला. भरायचा प्लग अडून बसला तर रिकामा कपलिंग घेऊन बसायला नको. एप्रिलमध्येच घातलेलं तेल बाटलीत घेऊन उजेडात धरलं तर ताकावर येतो तसा बारीक फेस, आणि तो पाच मिनिटं झाली तरी विरला नाही. ते पाहून खात्रीच पटली.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. मागच्या डिफरन्शियलचं तेल वेगळं, हॅल्डेक्सचं वेगळं, आणि दोन्हींचे प्लग जवळजवळ. एकाचं दुसऱ्यात गेलं तर प्लेटांची वाट लागते. भरण्याआधी कुठलं भोक कशाचं ते स्वतः वाकून बघा, मिस्त्रीला विचारायला लाजू नका.

नवी बाटली ८५० मिलीची. मोठ्या सिरिंजला नळी लावून भोकाच्या काठाशी तेल येईपर्यंत भरलं आणि प्लग हातानेच लावला. मग इंजिन सुरू करून लॅपटॉपवरून व्हीसीडीएसने, म्हणजे गाडीचे कंट्रोलर तपासायच्या सॉफ्टवेअरने, २२ नंबरच्या, म्हणजे ऑल व्हील ड्राइव्हच्या कंट्रोलरमधून पंप चालवला. आधी गुळगुळ, मग खरखर. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबून प्लग काढला तर तेल काठाच्या खाली गेलेलं. साधारण ६० मिली आणखी मावलं. पुन्हा पंप, पुन्हा थांबणं, या वेळी २० मिली. तिसऱ्यांदा जेमतेम चार थेंब, आणि पंपाचा आवाज बारीक, एकसुरी होऊन आपोआप थांबला. तो थांबला त्या क्षणी मिस्त्रींनी माझ्याकडे पाहून नुसती मान डोलावली.

काम तेवढ्यावर सोडलं नाही. जवळच्या रिकाम्या मैदानात पूर्ण स्टिअरिंग वळवून दोन्ही बाजूंनी सावकाश गोल मारले, म्हणजे पिस्टन हलतो आणि त्याच्या मागे दडलेली हवा सुटते. गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवली. सकाळी गार असताना पुन्हा पाहिलं तर १० मिली कमी. ते भरलं, प्लगला नवा वॉशर घातला आणि घट्ट केला. ही सकाळची खेप टाळू नये असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातलं. त्याच शनिवारी शेतावर गेले. पाऊस कोसळत होता, चढावर पाणी वाहत होतं. पुढची चाकं अर्धा फेरासुद्धा फिरली नाहीत, गाडी मागून उचलल्यासारखी वर आली. वडील शेजारी बसले होते, त्यांनी फक्त ‘हं, आता बरोबर’ एवढंच म्हटलं. ऑगस्टमध्ये ताम्हिणी घाटात शेवाळलेल्या वळणांवर, सप्टेंबरात बांधाकडेला रुतलेला ट्रॅक्टरचा ट्रेलर ओढताना, कुठेही तो जुना धक्का जाणवला नाही. तेव्हापासून ९,४०० किलोमीटर झाले आहेत. पंपाची बारीक गुणगुण सकाळी गाडी सुरू केल्यावर अजून ऐकू येते, पण चौथ्या पिढीचा पंप तेवढा बोलतोच.

एक गोष्ट मात्र हवा काढून सुटली नाही. चिखलातून डांबरी रस्त्यावर आल्यावर कधीकधी मागे घट्टपणा वाटायचा. पुढचे दोन टायर नवे आणि मागचे झिजलेले होते, त्याचा तो परिणाम. पुढच्या-मागच्या चाकांचा घेर वेगळा असला की कपलिंगला सतत काम लागतं. डिसेंबरमध्ये चारही टायर एकदम बदलले आणि तेही गेलं.

गेल्या रविवारी पुन्हा लिफ्टवर चढवून प्लग उघडला. तेल भोकाच्या काठाशी उभं होतं, रंग किंचित गडद. काडी बुडवून उजेडात धरली, बुडबुडा एकही नाही. बाटलीत उरलेलं तेल झाकण घट्ट लावून कपाटात ठेवलं आहे आणि पुढच्या तेलबदलाचा आकडा, १ लाख ७८ हजार किलोमीटर, बाटलीवर मार्करने लिहिला आहे.