लॉबी नंतर, आधी टाच बघा

सिंहगड रस्ता, धायरी, वारजे, बावधन, वाघोली. पुण्याच्या कडेकडेने शुश्रूषा आणि पुनर्वसन केंद्रांच्या पाट्या आता मंगल कार्यालयांच्या पाट्यांशी स्पर्धा करतात. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटसाठी केंद्र पाहायला येणाऱ्यांना बहुधा सकाळी अकराची वेळ मिळते. ती सोयीची असते, पण केंद्राच्या. तोवर आंघोळी उरकलेल्या, चादरी बदललेल्या आणि फिजिओथेरपिस्ट हजर. खरी परीक्षा करायची तर रात्री साडेनऊला किंवा रविवारी दुपारी जा. 'आत्ता नाही दाखवता येणार' हेही एक उत्तरच आहे.

आत शिरल्यावर नाक चालू ठेवा. लघवीचा वास वाईट, पण फिनेलचा डोकं उठवणारा वासही काही चांगला नाही. मग पलंगाशेजारचं स्टूल बघा. पाण्याचा पेला आणि बेल पेशंटच्या चालत्या हाताच्या बाजूला आहे की लुळ्या हाताच्या? डावी बाजू गेलेल्याच्या डावीकडे पेला ठेवणं म्हणजे ठेवला काय आणि न ठेवला काय.

केंद्राचा सगळा हिशेब पेशंटच्या कातडीवर लिहिलेला असतो. माकडहाड, खुबे, घोटे आणि टाचा या जागा बघायच्या. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक. दाबूनही लालच राहिला तर तो प्रेशर सोअरचा, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेचा, पहिला टप्पा. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही, म्हणून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते का, ते हाताने बघावं लागतं. टाचा तर गादीला टेकूच नयेत. पोटरीखाली उशी घालून त्या अधांतरी ठेवतात. इतकी स्वस्त काळजीसुद्धा जिथे घेत नाहीत, तिथे महागाच्या यंत्रांकडून फार अपेक्षा ठेवू नका.

दर दोन तासांनी कूस बदलायची आणि वहीत नोंद करायची, हे सगळीकडे सांगतात. दुपारी तीनला ती वही मागा. एकाच पेनने, एकाच अक्षरात संध्याकाळी सहापर्यंतच्या सह्या आधीच झालेल्या असतील, तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

'आमच्याकडे एअर बेड आहे' हे या धंद्यातलं सगळ्यात फसवं वाक्य. एअर बेड म्हणजे पंपाने हवा भरलेली गादी. ती असली तरी कूस बदलावीच लागते. पंपाचं बटण पेशंटच्या वजनाप्रमाणे लावायचं असतं. ते शेवटपर्यंत पिळून ठेवलं की गादी फरशीसारखी कडक होते. हवा कमी असेल तर कमरेखाली, गादीच्या खालून हात घातल्यावर हाड हाताला लागतं. वर मेणकापड, घडीची चादर आणि दोन डायपर असा थर रचला की गादीचा उपयोग संपला.

नाकातल्या नळीने, म्हणजे राइल्स ट्यूबने, भरवताना पलंगाचं डोकं 30 ते 45 अंश वर हवं, आणि नंतरही किमान अर्धा-पाऊण तास तसंच. घाईत पलंग सपाट केला की पोटातलं दूध उलट वर येऊन फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. गोळ्या कुटून देण्याची पद्धतही विचारा. पाकिटावर एसआर किंवा एक्सएल लिहिलेली गोळी कुटायची नसते. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध त्यामुळे एकदम अंगात जातं. तोंडाने जेवणाऱ्या अर्धांगवायूच्या पेशंटची गिळण्याची तपासणी आधी झालेली हवी. अशांना चहा आणि पाणी जास्त धोक्याचं, दाट पेज किंवा खिमट त्या मानाने बरं.

'दिवसातून दोनदा फिजिओ' असं छापलेलं असतं. एकदा म्हणजे किती मिनिटं, ते विचारा. आठवड्याची नोंदही मागा: आधाराशिवाय किती वेळ बसतात, पलंगावरून खुर्चीत यायला किती माणसं लागतात. 'प्रगती चांगली आहे' ही नोंद नव्हे. शिवाय पेशंटला उठवताना लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून ओढताना कोणी दिसलं, तर खांदा निखळायला वेळ लागत नाही.

लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली टांगलेली हवी, जमिनीला टेकलेली नको.

मावशी-मामांवर अशी केंद्रं चालतात, आणि त्यांच्यातली चांगली माणसं खरोखर सोन्यासारखी असतात. पण सक्शन (घशातला कफ यंत्राने ओढून काढणं) आणि इन्सुलिन देणं हे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेल्या नर्सचं काम. रात्री दोनला मजल्यावर कोण जागं असतं, हा प्रश्न मालकाला नाही, मावशींना विचारा. भिंतीवर 1949 च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालचं प्रमाणपत्र शोधा. नुसतं शॉप ॲक्टचं लायसन्स दाखवत असतील तर नळ्या असलेला पेशंट तिथे ठेवू नका.

पुण्यात गुरुवारचा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सक्शन मशीन आणि एअर बेडचा पंप इन्व्हर्टरवर चालतात का? जोडीला भरलेला सिलिंडर हवाच. 7000 लिटरचा जंबो मिनिटाला 5 लिटरने साधारण 23 तास पुरतो, 1500 लिटरचा लहान जेमतेम 5 तास.

पैशांचं सगळं लेखी घ्या. डायपर, हातमोजे, सक्शन कॅथेटर, डॉक्टरांची भेट आणि एअर बेडचं भाडं दरात धरलंय का? मेडिक्लेमवर विसंबू नका. विश्रांती आणि पुनर्वसनासाठीचा मुक्काम बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो. पेशंटला मध्येच रुग्णालयात हलवलं तर त्या दिवसांचं खाटभाडं चालू राहतं का, आणि डिपॉझिट किती दिवसांत परत मिळतं, हेही सही करण्याआधीच करारात लिहून घ्या.