कर्क्युमिनच्या कॅप्सूल: सात महिन्यांनंतर

"हळद रोज फोडणीत पडतेच की, मग विकत कशाला गिळायची?" पहिली बाटली पाहून सासूबाई म्हणाल्या. रास्त प्रश्न. पण हळदीला पिवळेपणा देणारं कर्क्युमिन तिच्यात साधारण ३ टक्केच असतं. माझ्या कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम, दिवसाला दोन. तेवढं फोडणीतून मिळवायचं तर रोज तीसेक ग्रॅम हळद खावी लागेल!

उजव्या गुडघ्याची झीज आहे. पहिले दोन महिने सकाळी अनशापोटी घेत होते. फरक शून्य, वर पोटात जळजळ. मग कळलं की कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळतं. त्यात आतडं ते फारसं शोषत नाही. बंगळूरच्या १९९८ च्या अभ्यासात मिऱ्यातल्या पायपेरिनबरोबर दिल्यावर रक्तातलं प्रमाण वीसपट झालं होतं, पण तो मोजक्या निरोगी माणसांवरचा. तरी पायपेरिनवाली बाटली आणली आणि जेवणानंतर घ्यायला लागले.

चौथ्या महिन्यात पलंगावरून उठताना कपाट धरायचं सोडलं. जिना उतरताना अजून दुखतंच. आणि खरं सांगायचं तर त्याच सुमारास मांडीचे व्यायामही सुरू केले होते, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते मलाच ठरवता येत नाही. निदान वेदनाशामक गोळी आठवड्यातून तीनदा लागायची, ती आता एखाद्या वेळी.

एकदा प्रवासात कॅप्सूल फुटली आणि पांढऱ्या कुर्त्यावर पिवळा डाग. साबण लावला तर लालभडक! हळदीत चुना घालून कुंकू करतात, तोच प्रकार. कुर्ता दोन दिवस कडक उन्हात टाकला, डाग जवळजवळ गेला. हा रंग उन्हात टिकत नाही, म्हणून बाटलीही खिडकीत ठेवू नका.

'नैसर्गिक आहे, अपाय नाही' असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो, ते सोडून द्या. जास्त शोषल्या जाणाऱ्या कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. पायपेरिनमुळे इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. माझ्या डॉक्टरांनी यकृताची तपासणी करायला लावली, ती ठीक आली. यजमानांना अॅस्पिरिन चालू आहे, त्यांना मी हातही लावू देत नाही. ते रात्री हळददूध पितात, सांगलीच्या राजापुरी हळदीचं, आणि त्यावर खूश आहेत.