उद्यमबागेतील पॅटर्न मेकरने दुरुस्त केलेली विंडसर्फिंगची फिन

मार्चच्या शेवटच्या रविवारी दोनापावलाजवळ ओहोटीचा अंदाज चुकला आणि भरधाव असलेल्या शिडाच्या बोर्डाची फिन, म्हणजे त्याच्या तळाला मागे बसवलेले उभे पाते, पाण्याखालच्या खडकाला थडकली. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण बोर्ड उलटा करून पाहिला तेव्हा ३८ सेंटिमीटर लांबीच्या फिनची अवस्था पाहवेना. टोकाचा सुमारे १२ मिलिमीटरचा तुकडा उडाला होता, पुढच्या कडेला दोन खोल खाचा पडल्या होत्या आणि मागच्या पातळ कडेचे थर बोटभर लांबीपर्यंत सुटून त्यांतून काचेचे पांढरे धागे बाहेर आले होते.

गेल्या वर्षी याच फिनला एक बारीक टवका गेला होता. तेव्हा मी ती गाड्यांचे डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या एका गॅरेजमध्ये दिली होती. त्यांनी गाडीच्या पत्र्याला भरतात तीच लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारला. दिसायला काम सुरेख होते, पण दुसऱ्याच फेरीत लांबीचा अख्खा पापुद्रा निघून पाण्यात गेला. फिन जी-१० या पदार्थाची, म्हणजे काचेच्या कापडाचे थर इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या चिकट राळेत भिजवून दाबून केलेली असते आणि वेगात असताना ती सतत वाकते व सरळ होते. लांबी पॉलिएस्टरची आणि ठिसूळ असल्यामुळे इपॉक्सीवर ती नीट धरत नाही आणि फिनबरोबर वाकतही नाही. म्हणून या खेपेस इपॉक्सीत हात बसलेला माणूसच शोधायचा, असे ठरवले. फौंड्रीत नोकरी करणाऱ्या एका स्नेह्याने बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका पॅटर्न मेकरचे वर्कशॉप दाखवले.

बेळगावच्या फौंड्र्यांशी ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. वितळलेले लोखंड ज्या वाळूच्या साच्यात ओततात, तो साचा पॅटर्नवरून, म्हणजे लाकूड किंवा इपॉक्सीच्या नमुन्यावरून, उठवलेला असतो, आणि पॅटर्नचे दोन भाग एकमेकांशी जुळले नाहीत तर ओतीव माल वाया जातो. त्यामुळे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असल्या पाहिजेत, ही गोष्ट या कारागिरांच्या हाडीमांसी भिनलेली असते. मिस्त्रींनी फिन हातात घेतल्यावर तुटलेल्या टोकाकडे पाहिलेच नाही. डोळे मिटून त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून ती मुळापासून खालपर्यंत सावकाश ओढली, मग जाडी मोजायचे व्हर्निअर लावले आणि म्हणाले, ‘‘सर, ह्येच्या दोन्ही अंगांत फरक चालत नसंल की.’’ विंडसर्फिंग त्यांनी कधी पाहिलेले नाही, तरीही नेमके वर्म त्यांच्या बोटांना सापडले होते. फिनची एक बाजू दुसरीपेक्षा फुगीर राहिली तर बोर्ड एका दिशेने जाताना पाण्याला धरून राहतो आणि दुसऱ्या दिशेने जाताना सोडतो. पुढच्या कडेला खाच राहिली तर वेगात तिथून हवा खाली खेचली जाते आणि बोर्डाची शेपटी एकाएकी आडवी घसरते.

टोक पुन्हा बांधून द्या, असा माझा आग्रह होता. ‘‘एवढ्यानं काय अडतंय? जोड दिला तर परत तिथंच तुटंल,’’ असे सांगून त्यांनी टोक मूळच्या वळणात घासून घेण्याचा सल्ला दिला, आणि तो योग्य ठरला. फिन ३७ सेंटिमीटरच्या आत आली, तरी ६.५ चौरस मीटरच्या शिडाबरोबर मला फारसा फरक जाणवत नाही. खाचा मात्र त्यांनी आधी कानशीने खरखरीत करून, बारीक चिरलेले काचेचे तंतू इपॉक्सीत कालवून भरल्या. मागच्या कडेचे सुटलेले थर कापून काढले, खालून मेण लावलेला प्लास्टिकचा पत्रा टेकवला आणि त्यावर पातळ ग्लास क्लॉथचे तीन थर बसवले. दोन दिवस त्यांनी फिनला हात लावला नाही. नंतर आकार ताडून पाहायला पातळ पत्र्याचा एक फर्मा शाबूत भागाच्या एका बाजूवरून कापला आणि तोच उलटा करून दुसऱ्या बाजूला लावत लावत, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या ८० नंबरच्या पेपरपासून ६०० नंबरच्या वॉटर पेपरपर्यंत घासत गेले. फर्म्याखालून उजेड दिसायचा थांबला, तेव्हा हात थांबला.

एका गोष्टीत मात्र चूक झाली. हात फिरवताना टोचू नये म्हणून त्यांनी मागची कड गोलसर करून ठेवली आणि पहिल्याच फेरीत वेग वाढताच फिन मोठ्याने गुंजू लागली. तिची थरथर तळव्यांना जाणवत होती. मागची कड पातळ आणि काटकोनात कापलेली असावी लागते. ती गोल असली की दोन बाजूंचे पाणी नीट सुटत नाही आणि भोवरे होऊन फिन कंप पावते. हे मी आधीच सांगायला हवे होते. दुसऱ्या खेपेस त्यांनी माझ्यासमोर दहा मिनिटांत कड सरळ करून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि आवाज पूर्ण थांबला.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. त्यांच्याकडचा शिकाऊ मुलगा तोंडाला काही न बांधता कोरडे घासकाम करत होता. काचेची ही भुकटी फुप्फुसात जाते. मी पुढच्या वेळी मास्क घेऊन गेलो आणि पाणी लावूनच घासा, अशी विनंती केली. तिथे काम देणाऱ्या प्रत्येकाने ती करावी.

एकूण ९०० रुपये आणि आठ दिवस लागले. अशीच नवी फिन परदेशातून मागवायची तर कुरिअर व सीमाशुल्क धरून मला १५,००० रुपयांच्या आसपास खर्च सांगितला गेला होता. तरीही प्रत्येक फिन दुरुस्तीला न्यावी, असे मी म्हणणार नाही. बोर्डाच्या खोबणीत बसणाऱ्या मुळाशी आडवी चीर असेल, किंवा स्क्रू ज्यात बसतो तो पितळी नट सैल झाला असेल, तर नवीनच घ्यावी. सगळा भार तिथेच येतो, आणि किनाऱ्यापासून दूर फिन निखळली तर बोर्ड वाऱ्याबरोबर वाहत जातो. मिस्त्रीही असे काम हाती घेत नाहीत. माझ्या मित्राची मुळाशी तडकलेली फिन त्यांनी तपासून सरळ परत केली. नवी घेताना आपल्या बोर्डाची खोबण एका स्क्रूची पॉवर बॉक्स आहे की दोन स्क्रूंची टटल, हे आधी पाहावे, कारण एकीची फिन दुसरीत बसत नाही. घट्ट बसत असेल तर मूळ थोडे घासावे, पण ठोकून बसवू नये. खोबण तडकली तर बोर्डाचीच दुरुस्ती निघते.

काम शक्यतो मेअखेरपर्यंत उरकून घ्यावे. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत इपॉक्सी वर चिकट थर धरते. माझ्या फिनचा फर्मा त्यांनी खिळ्याला टांगून ठेवला आहे, आणि उरलेल्या खरचट्यांसाठी मी ती येत्या शनिवारी पुन्हा घेऊन जाणार आहे.