हवेचा आवाज: आत्ताचे आकडे की वर्षभराचे?

हवेतल्या पीएम २.५ धुळीच्या (अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांच्या) आकड्यांवरून ध्वनी-इन्स्टॉलेशन, म्हणजे दालनात वाजत राहणारी कलाकृती, करायची म्हटलं की सगळे आधी सॉफ्टवेअरच्या मागे लागतात. त्याआधी ठरवायला हवं ते वेगळंच: आकडे थेट सेन्सरचे घ्यायचे की वर्षभराचे साठवलेले?

थेट सेन्सरचा मोह पडतोच. पीएमएस५००३ सारखा लेझरवाला सेन्सर, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि प्युअर डेटा हे आकड्यांचा आवाज करणारं फुकट सॉफ्टवेअर. आकडा चढला की स्वर चढला. पण प्रेक्षक थांबतो दोन-चार मिनिटं, आणि तेवढ्यात बंद दालनातली हवा फारशी बदलत नाही. जी थरथर ऐकू येते ती बरेचदा सेन्सरचीच. त्यात हे स्वस्त सेन्सर दमट हवेत पाणी शोषून फुगलेले कण मोजतात आणि आकडा वाढवून सांगतात. म्हणजे ऐन जुलैत, पावसाने मुंबईची हवा धुऊन निघालेली असताना, तुमचा स्पीकर प्रदूषणाच्या नावाने टाहो फोडणार!

साठवलेल्या आकड्यांचं तसं नाही. वर्षाचे तास ८७६०. दर तासाचा एक आकडा धरून सेकंदाला ४० तासांचे आकडे वाजवले तर वर्ष सुमारे ३ मिनिटं ३९ सेकंदांत संपतं आणि एक दिवस ०.६ सेकंदाचा होतो. रोजच्या चढउताराचा आपसूक ठेका धरला जातो. पावसाळ्यात आवाज खाली बसतो, थंडीत चढतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या केंद्रांचे आकडे संकेतस्थळावर मिळतात. मधे खाडे असतात; ते सरासरीने बुजवू नका, तिथे सरळ शांतता ठेवा.

चार दिवसांच्या प्रदर्शनाला मी डोळे मिटून साठवलेले आकडे घेईन. कायमस्वरूपी जागा असेल तर मात्र थेट. अलास्कातल्या फेअरबँक्सच्या संग्रहालयात संगीतकार जॉन लूथर अॅडम्स यांचं ध्वनी-दालन २००६ पासून भूकंपमापक, भूचुंबकीय हालचाली आणि सूर्य-चंद्राच्या स्थितीवर वाजतं. तिथे दोन मिनिटांत काही घडावं अशी अपेक्षाच नाही. हिवाळ्यात ऐकलेलं उन्हाळ्यात पुन्हा येऊन ऐकावं, अशी ती रचना आहे.

आणि हो, दालनातल्या सुरक्षारक्षकाला विसरू नका. साडेतीन मिनिटांचं वर्ष सलग फिरवलंत तर आठ तासांच्या पाळीत त्याला ते सव्वाशेहून जास्त वेळा ऐकावं लागेल. दोन फेऱ्यांमध्ये निदान दहा मिनिटं तरी स्पीकर बंद ठेवा.