जुन्या पेंटियमवर डॉस, ९८ आणि एक्सपी : आठ-दहा महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या गेमांसाठी मी तीन ऑपरेटिंग सिस्टिम घातलेलं हे मशीन जुलैच्या पावसात बंद पडलं आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात नुसत्या 'चेकिंग'चे तीनशे रुपये घेतले. तेव्हाच म्हटलं, हे परत चालू झालं तर सविस्तर लिहायचं. मशीन चालू झालंय. तीनशे रुपये अजून डोक्यातून जात नाहीत.

कॉन्फिगरेशन एका दमात सांगतो : पेंटियम थ्री ८६६, इंटेल ८१५ चिपसेटचा बोर्ड, २५६ एमबी एसडीरॅम, जीफोर्स टू एमएक्स ४००, चाळीस जीबीची आयडीई हार्ड डिस्क. मशीन काकांच्या लक्ष्मीपुरीतल्या प्रेसमधलं. पेजमेकर (पानं मांडायचं) आणि श्रीलिपी (मराठी टाइप करायचं) या सॉफ्टवेअरवर या एका डब्यानं किती लग्नपत्रिका आणि वास्तुशांतीची कार्डं काढली असतील याचा हिशोब नाही. कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरच्या फॅनवर कागदाच्या भुग्याचा थर बसलेला, आणि त्यावर कधीतरी उडालेली लाल शाई. ब्रशनं निघाला नाही, शेवटी फॅनच बदलला. मशीन देताना काकांची एकच अट होती. "गेम घाल, काय बी कर. पण माझ्या फायली गेल्या तर प्रेसची पायरी चढू नको."

सुरुवातीचा बेत तीन सिस्टिमचा होता. हार्ड डिस्कचे तीन भाग, म्हणजे पार्टिशनं, पाडायची : पहिल्या प्रायमरी पार्टिशनवर एमएस-डॉस ६.२२, दुसऱ्यावर विंडोज ९८ सेकंड एडिशन, तिसऱ्यावर एक्सपी. डॉस ६.२२ ला डिस्कवर फायली मांडायची फॅट१६ ही जुनी पद्धत सोडून काही कळत नाही आणि त्याचं पार्टिशन दोन जीबीच्या वर जात नाही, म्हणून त्याला दोन जीबी दिले. ९८ ला बारा, उरलेलं एक्सपीला. बसवायचा क्रम जुन्याकडून नव्याकडे, कारण ९८ मागाहून घातलं तर ते बूट रेकॉर्ड (मशीन सुरू होताना डिस्कवर आधी वाचली जाणारी जागा) स्वतःच्या नावावर करून घेतं आणि एक्सपीचा मेनू गायब होतो. मशीन सुरू होताना सिस्टिम निवडायच्या बूट मेनूसाठी ग्रब फॉर डॉस हा प्रोग्रॅम घेतला. त्यात एक सिस्टिम उठवताना बाकीची पार्टिशनं लपवता येतात, त्यामुळं डॉस आणि ९८ दोघांनाही आपण सी ड्राइव्हवरच आहोत असं वाटतं. हे सगळं एका रविवारी दुपारच्या जेवणानंतर बसून उरकलं. लोक याच भागाचा बाऊ करतात. खरं दुखणं आवाजाचं आहे, आणि मी आता बराच वेळ त्यावरच बोलणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सरळ कपॅसिटरवर, म्हणजे बोर्ड दुरुस्तीच्या भागावर, जावं.

डॉसच्या काळात गेम आणि साउंड कार्ड यांच्यामध्ये कुणी मध्यस्थ नव्हता. गेम थेट पोर्ट २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ या कार्डाच्या ठरलेल्या हार्डवेअर जागांवर जाऊन साउंड ब्लास्टर आहे का बघतो. डॉस सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये 'सेट ब्लास्टर'ची ओळ लिहायची ती त्यासाठीच. माझ्या बोर्डावर ऑनबोर्ड एसी९७ ऑडिओ आहे. विंडोजमध्ये तो बरा वाजतो, पण शुद्ध डॉसमध्ये तोंड उघडत नाही. जुन्या आयसा पद्धतीच्या स्लॉटमध्ये बसणारं कार्ड टाकावं तर या बोर्डावर आयसाचा स्लॉटच नाही, सगळे नंतरचे पीसीआय.

मित्राकडं साउंड ब्लास्टर लाइव्ह पडून होतं, ते लावलं. नाव मोठं, १९९८ चं त्या वेळचं महागातलं कार्ड. विंडोज ९८ मध्ये त्याला तोड नाही, हे आधीच सांगतो. पण डॉसमध्ये ते एक छोटा प्रोग्रॅम मेमरीत बसवून साउंड ब्लास्टर १६ चं सोंग घेतं. डूममध्ये बंदुकीचा आवाज ठीक, दार उघडल्याचा आवाज ठीक. संगीत सुरू झालं की मात्र पत्र्याच्या डब्यात बसून कुणीतरी बेंजो वाजवतंय असं वाटतं. कारण सरळ आहे. त्या काळचं गेममधलं संगीत सूर जागच्या जागी तयार करणाऱ्या एफएम सिंथेसिसच्या चिपसाठी लिहिलेलं, आणि ती चिप या कार्डावर नाहीच. हाताशी असलेल्या वाद्यांचे नमुने लावून ते वेळ मारून नेतं.

ती एफएम चिप मुळात यामाहाची. १९८७ च्या ॲडलिब कार्डावर यामाहाची ओपीएल२ होती, पुढं साउंड ब्लास्टर १६ वर ओपीएल३ आली, तीही त्यांचीच. आणि यामाहानं नंतर स्वतःच्या पीसीआय चिपमध्ये, वायएमएफ७२४ मध्ये, ओपीएल३ खरोखरची घातली. म्हणजे आयसा स्लॉट नसलेल्या बोर्डावर खरा आवाज हवा असेल तर हे कार्ड शोधायचं. ऑनलाइन बघितलं तर विकणाऱ्यांनी वर 'रेट्रो' लिहून त्याचे दोन-दोन हजार लावलेत. त्यांना माझा नमस्कार.

मला ते भंगारात मिळालं. दुकानाच्या मागच्या बाजूला पोत्यात मोडेम, लॅन कार्डं, तुटक्या रॅम असा सगळा काला होता. एका बुटक्या कार्डाच्या चिपवरची माती अंगठ्यानं पुसली तर यामाहा, आणि खाली वायएमएफ७२४. मी चेहरा शक्य तितका निर्विकार ठेवला.

"ह्याचं काय?"

"दोनशे."

"चालतंय का नाही तुम्हालाच ठाऊक नाही, दोनशे कसले?"

"मग किलोवर घ्या की. पण पोतं सगळं उचलायला लागंल."

दीडशेला तुटलं. घरी आणून रबरानं पट्टीचे सोनेरी दात घासले, स्लॉटमध्ये बसवलं, डॉसमध्ये त्याचा सेटअपडीएस हा सेटअप प्रोग्रॅम चालवला. डूमच्या पहिल्या लेव्हलचं गिटार सुरू झालं आणि मी खुर्चीवरून उठून स्पीकरजवळ जाऊन उभा राहिलो. नादखुळा. बास खाली जमिनीवर बसतो, वरचे सूर धारदार, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. नंतरचे कित्येक दिवस मी गेम सुरू करून मेनूवरच थांबत होतो. आईनं शेवटी विचारलं, "तू खेळतोयस का नुसतंच ऐकत बसतोयस?" याच कार्डावर पंधरा पिनांचा जॉयस्टिक पोर्टही आहे, तो फुकटात. डेंजरस डेव्हचा विषय वेगळा, त्याला कार्ड लागतच नाही. त्याचे सगळे आवाज कॅबिनेटमधल्या बारक्या स्पीकरचे, तेव्हा ती वायर बोर्डाला जोडलेली आहे ना एवढं बघा.

आता डॉस ६.२२ बद्दल. सुरुवातीला मी त्याचा कट्टर समर्थक होतो, 'खरं डॉस ते हेच' वगैरे. मत बदललं. ९८ मधून 'रीस्टार्ट इन एमएस-डॉस मोड' केलं की जे समोर येतं ते डॉस ७.१ आहे, आणि त्याला फॅट३२ कळतं. प्रिन्स ऑफ पर्शिया, डूम, डेव्ह, माझ्याकडचा एकही गेम असा निघाला नाही की जो ६.२२ वर चालतो आणि इथं चालत नाही. यामाहाचं कार्डही दोन्हीकडं सारखंच वाजतं. मग दोन जीबीचं वेगळं बिऱ्हाड कशाला? काढून टाकलं. काढलं की एक्सपी उठताना 'हाल डॉट डीएलएल सापडत नाही' म्हणून थांबतं. घाबरायचं नाही, फाइल जागेवरच असते. एक पार्टिशन कमी झाल्यानं सिस्टिम कुठून उठवायची ते लिहिलेल्या बूट डॉट आयएनआय फाइलमधला पार्टिशनचा आकडा चुकीचा ठरतो. एक्सपीच्या सीडीवरून दुरुस्तीसाठीच्या रिकव्हरी कन्सोलमध्ये जाऊन 'बूटसीएफजी'ला रीबिल्ड सांगितलं की संपलं.

वेगाचा प्रश्न थोडक्यात. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले काही जुने गेम इतक्या वेगवान प्रोसेसरवर 'रनटाइम एरर २००' देऊन मरतात. काही गेम चालतात, पण सगळी पात्रं पाठीमागं कुत्रं लागल्यागत पळतात. बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन प्रोसेसरची कॅश, म्हणजे त्याची आतली जलद मेमरी, बंद केली की पेंटियम थ्री एकदम जुन्या ३८६-४८६ च्या चालीवर येतो. सुंदर सोय आहे, आणि फुकट आहे.

"एवढा खटाटोप कशाला, लॅपटॉपवर डॉसबॉक्स टाक की भावा," असं मला तिघाचौघांनी सुनावलं. (डॉसबॉक्स म्हणजे नव्या मशीनवर डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम.) नुसते डॉस गेम खेळायचे असतील तर त्यांचं बरोबर आहे, उगाच जुनं मशीन घेऊ नका. खरी पंचाईत १९९५ ते २००१ च्या गेमांची. त्यातल्या बऱ्याच गेमांचे इन्स्टॉलर १६ बिटचे, आणि ६४ बिट विंडोज १६ बिटचा प्रोग्रॅम चालवतच नाही. रोड रॅश, नीड फॉर स्पीड टू, एज ऑफ एम्पायर्स टू, हे सगळं ९८ वर सीडी घातली की चालू. कुठली पॅच फाइल शोधायला नको. रॅमच्या बाबतीत ९८ चं पोट लहान आहे, ५१२ एमबीच्या वर गेलं की रडतं. पण ८१५ चिपसेटच ५१२ च्या वर घेत नाही, त्यामुळं तिथंही दोघांचं जमतं.

आता कपॅसिटर. जुलैमध्ये घरात भिंतीसुद्धा ओल्या लागत होत्या. एका संध्याकाळी बटण दाबलं, फॅन फिरला, पण स्क्रीन काळा आणि बीपही नाही. वर उल्लेख केलेल्या दुकानात नेलं. दोन दिवसांनी निकाल आला : "सर, बोर्ड डेड आहे. हा माल आता मिळत नाही. सेकंड हँड आयथ्री घेऊन जा, नवीन गेम पण चालतील." बोर्ड उघडून बघितला का विचारलं तर उत्तर नाही. स्क्रूवरची धूळ जशीच्या तशी होती, म्हणजे उत्तर मला मिळालंच. वर तीनशेची पावती.

शिवाजी पेठेत एक जुने टीव्ही मिस्त्री आहेत. त्यांनी बोर्ड खिडकीपाशी उजेडात धरला, तिरका केला आणि म्हणाले, "हे काय, टीव्हीचंच दुखणं की." प्रोसेसरच्या सॉकेटजवळ १५०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्टचे कपॅसिटर रांगेत उभे आहेत. चांगल्या कपॅसिटरचं डोकं सपाट असतं. यातल्या तिघांचं वर फुगून चरे उलगडले होते, आणि एकाच्या डोक्यावर तपकिरी खपली. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांवर हा रोग घरोघरी होता. मिस्त्रींनी तीन नव्हे, अख्खी रांग बदलली, १०५ डिग्रीपर्यंत टिकणारे, आतला रोध कमी असलेले (लो ईएसआर) घातले. बोर्डाला बरेच थर असतात, आतला तांब्याचा थर उष्णता खेचून घेतो, त्यामुळं छिद्रातलं जुनं शिसं सहज वितळत नाही. एका बाजूनं सोल्डरिंगचा काविया धरून दुसऱ्या बाजूनं पाय हळूहळू ओढत एकेक काढताना बघणं हा वेगळाच आनंद होता. मालाचे आणि मजुरीचे मिळून दोनशे ऐंशी. चेकिंगपेक्षा वीस रुपये कमी! घरी येऊन बायॉसचा सीआर२०३२ सेलही बदलून टाकला आणि विषय संपवला.

मशीन दुरुस्त झालं त्याच आठवड्यात काका आले. एका जुन्या गिऱ्हाइकाला बऱ्याच वर्षांपूर्वीची पत्रिका तशीच्या तशी हवी होती, आणि प्रेसमधल्या नव्या कॉम्प्युटरवर ती उघडली की अक्षरांच्या जागी नुसता कचरा दिसत होता. ९८ सुरू केलं, काकांनी खिशातून श्रीलिपीचं लॉक (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) काढून मागच्या पॅरलल पोर्टला लावलं, आणि फाइल गणपतीच्या चित्रासकट उघडली. प्रिंट घेऊन गेले. त्या कामाचे पैसे मला मिळालेले नाहीत, पण आता मशीन परत मागायचं नाव काढत नाहीत.

राहिलं एक्सपी. व्हाइस सिटीसाठी ठेवलं होतं, तर तो गेम ९८ वरही चालतो. किमान गरज पेंटियम थ्री ८०० ची, म्हणजे माझं मशीन काठावर पास. गर्दीच्या चौकात दम लागतो, पण तो एक्सपीवरही लागतोच. २५६ एमबी रॅमवर एक्सपी उठेपर्यंत चहा होतो. नेटला लावायची सोय नाही, कारण मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ लाच त्याचा हात सोडला. शेवटी त्याचा उपयोग एकच उरला, लॅपटॉपवरून फायली आणायचा. त्यातही नव्या विंडोजमध्ये जुनं फाइल शेअरिंग, एसएमबी १, मुळातच बंद असतं, त्यामुळं शेअर केलेलं फोल्डर दिसत नाही. पेन ड्राइव्ह लावावा तर बोर्डावर यूएसबी १.१, सेकंदाला एक एमबी मिळाला तरी नशीब. मी लॅपटॉपवर एफटीपी (फायली पाठवायची जुनी पद्धत) सर्व्हर लावला आणि केबलनं फायली ओढल्या, भराभर आल्या. नंतर लक्षात आलं की एफटीपीची कमांड ९८ मध्येही आहे.

तेव्हा एक्सपी या आठवड्यात काढतोय. तीन सिस्टिमचा बूट मेनू कसा वाटला विचाराल तर छान वाटला, पण निवडायला आता एकच उरलीय. एक्सपीच्या जागेवर सगळ्या सीडींच्या प्रती ठेवणार आहे, म्हणजे सीडी ड्राइव्हच्या घरघरीपासून सुटका.

साउंड ब्लास्टर लाइव्ह मित्राला परत केलं. आता आयसा स्लॉटवाला एखादा ४४०बीएक्स या जुन्या चिपसेटचा बोर्ड बघतोय, खरं साउंड ब्लास्टर १६ लावून यामाहाशेजारी ऐकायचंय. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीत कुणाकडं पडून असेल तर कळवा. पाचशेच्या वर देणार नाही, आणि वर 'रेट्रो' लिहिलेलं असेल तर तीनशेच्या.